उत्तराधुनिक माध्यमं वेगळी नक्की कशात? (शिवण लपवण्याबद्दल आणि दाखवण्याबद्दल)

चौकटीबाहेर

दुसऱ्या एका धाग्यावर अवांतर फार वाढलं, म्हणून इथे स्वतंत्र धागा काढतोय. तिथे बहुतेकांचं म्हणणं असं पडलं की छापील पेपर, रेडिओ, टीव्ही ही पारंपरिक माध्यमं आणि मोबाइलवर येतं ते सगळं उत्तराधुनिक. ही वाटणी मला पटत नाही. मोबाइलवर अगदी जुन्या वळणाचं बातमीपत्र बघता येतं, आणि उत्तराधुनिक म्हणावेत असे कार्यक्रम साध्या टीव्हीवर चाळीस वर्षांपूर्वी लागत होते. यंत्र बदललं म्हणून स्वभाव आपोआप बदलत नाही.

फरक शोधायचाच तर एक गोष्ट बघावी असं मला वाटतं: हे माध्यम स्वतःची शिवण, म्हणजे आपण कसे बनवले गेलोय याच्या खुणा, लपवतंय की मिरवतंय?

इटालियन लेखक-विचारवंत उंबेर्तो एको यांनी १९८३ साली इटालियन टीव्हीवर लिहिताना हे छान पकडलंय. त्यांनी टीव्हीचे दोन काळ पाडले. जुना टीव्ही बाहेरच्या जगाबद्दल बोलायचा, निदान तसा आव तरी आणायचा. नवा टीव्ही मुख्यतः स्वतःबद्दल बोलतो, आणि प्रेक्षकाशी आपलं कसं नातं आहे त्याबद्दल बोलतो. त्यांचं उदाहरण बूम माइकचं आहे. लांब दांडीच्या टोकाला लटकवलेला तो माइक. जुन्या टीव्हीत त्याची नुसती सावली भिंतीवर पडली तरी घोटाळा समजला जायचा. पुढे तोच बूम राजरोस पडद्यावर दिसू लागला, एक कॅमेरा दुसऱ्या कॅमेऱ्याला दाखवू लागला, टाळ्या वाजवणारे प्रेक्षक कार्यक्रमाचा भाग झाले. "आम्ही टीव्ही आहोत आणि आत्ता तुमच्यासमोर कार्यक्रम करतोय" हेच कार्यक्रमाचं सांगणं होऊन बसलं.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतले वॉल्टर क्रॉंकाइट. १९६२ ते १९८१ ते सीबीएस या वाहिनीचं संध्याकाळचं बातमीपत्र सांगत आणि शेवटी म्हणत, "अँड दॅट्स द वे इट इज". म्हणजे, हे जग आज असं आहे. आम्ही असं मांडलं, आमच्याकडे एवढीच चित्रफीत आली, असलं काही नाही. थेट "आहे". (१९६३ मध्ये ते बातमीपत्र पंधरा मिनिटांचं अर्ध्या तासाचं झालं. जग दोन्ही वेळा बरोबर तेवढ्यातच मावलं, ही गंमत वेगळी.)

असं छातीठोक "आहे" म्हणायला पाठीशी सगळ्यांना मान्य असलेली एखादी मोठी कथा लागते: प्रगती, विज्ञान, राष्ट्र, मुक्ती. फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार यांनी १९७९ मध्ये लिहिलं ते नेमकं याच कथांवरचा विश्वास उडण्याबद्दल; तो उडणं म्हणजेच त्यांच्या लेखी उत्तराधुनिक. त्यांचं ते गाजलेलं पुस्तक मुळात कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या सरकारच्या विद्यापीठ परिषदेने मागवलेला अहवाल होता. सरकारी अहवालातून इतकी खळबळ क्वचितच उडाली असेल.

तर माझा मुद्दा असा: पारंपरिक माध्यम म्हणतं "माझ्यातून आरपार बघा, पलीकडे जग दिसेल". उत्तराधुनिक माध्यम म्हणतं "आधी माझ्याकडे बघा". बाकीची लक्षणं, म्हणजे विडंबन, सरमिसळ, जुन्याची उसनवारी, ही त्यातून निघतात. पटतंय का?

अरसिक

वाचनखूण साठवली आहे. सविस्तर नंतर लिहीन.

संशयात्मा

नाही पटत. शिवण दाखवायची हौस माणसाला पहिल्यापासून आहे. सर्व्हांतेस यांच्या 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीचा दुसरा भाग १६१५ चा. त्यातल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला असतो! भरीस भर म्हणजे १६१४ मध्ये दुसऱ्याच कुणीतरी टोपणनावाने बनावट दुसरा भाग छापला होता. खऱ्या दुसऱ्या भागात किहोतेला एका खाणावळीत त्या बनावट पुस्तकाचा पत्ता लागतो. त्यातला नकली किहोते झारागोझाला गेलेला असतो, म्हणून हा मुद्दाम झारागोझाचा बेत रद्द करून बार्सिलोनाला जातो. तिथे एका छापखान्यात शिरतो, तर समोर त्याच बनावट पुस्तकाची मुद्रितं तपासणं चाललेलं. याहून उत्तराधुनिक काय असतं?

दुसरं उदाहरण सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हेर्तोव्ह. १९२९ च्या त्यांच्या मूकपटात कॅमेरामन दिसतो, चित्रपटगृहातले प्रेक्षक दिसतात, आणि आपण जो सिनेमा बघतोय त्याचीच फीत टेबलावर कापत बसलेली संकलक बाईही दिसते. १९२९! तुमचे एको पन्नासेक वर्षं उशिरा पोचले.

तेव्हा हे "नवं" वगैरे काही नाही. प्राध्यापकांनी जुन्या युक्तीला नवं लेबल चिकटवलंय.

तिरकस

संशयात्मा आले म्हणजे धाग्याचं काश्मीर व्हायची सोय झाली. हलके घ्या.

मृण्मयी_के

संशयात्मा, उदाहरणं दोन्ही चोख आहेत, पण दुसरं तुमच्यावरच उलटतं.

व्हेर्तोव्ह शिवण का दाखवतात? त्यांची श्रद्धा होती की कॅमेऱ्याचा डोळा माणसाच्या डोळ्याहून अधिक खरं बघतो. सिनेमा कसा बनतो हे कामगाराला कळलं, तर तो नाटकी सिनेमाच्या गुंगीतून बाहेर येईल आणि खरं जग बघेल, अशी आशा त्यामागे होती. जर्मन नाटककार ब्रेख्टही रंगभूमीवर दिवे उघडे ठेवायचा, नट मध्येच प्रेक्षकांशी बोलायचे, ते याचसाठी. प्रेक्षकाने हरवून जाऊ नये, विचार करावा, जमल्यास बाहेर जाऊन काही बदलावं. पडदा ओढला की मागे सत्य सापडेल याची पक्की खात्री होती. ही सगळी आधुनिक मंडळी, उत्तराधुनिक नव्हेत.

उत्तराधुनिक माध्यम तोच पडदा ओढतं, मागे दुसरा पडदा असतो, आणि त्यावर ते हसतं. युक्ती तीच, भरवसा गेलेला. अमेरिकी समीक्षक फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ च्या निबंधात हेच विडंबनाबद्दल म्हटलंय. विडंबन करायला समोर काहीतरी नीटस, सर्वमान्य असावं लागतं, तरच त्याचं वाकडं रूप झोंबतं. ते सर्वमान्य उरलंच नाही की मागे राहते नुसती नक्कल, कुणाला न झोंबणारी. तिला ते पेस्टिश म्हणतात.

आणि किहोते हा अपवाद होता म्हणूनच चारशे वर्षं त्याचं नाव घेतलं जातंय. आज एखादी मालिका स्वतःवर विनोद करते तेव्हा कुणाच्या भुवया वर जातात? जे एकेकाळी चमत्कारिक होतं ते रोजचं झालं, बदल तिथे आहे. त्यामुळे चौकटीबाहेर, तुमची शिवणीची कसोटी अर्धीच आहे. शिवण दाखवली जातेय का, याच्या पुढे जाऊन ती कशासाठी दाखवली जातेय हेही विचारा.

कातरी

मी व्हिडिओ संकलनाचं काम करतो, त्यामुळे तत्त्वज्ञान बाजूला ठेवून टाइमलाइनवर काय चालतं ते सांगतो.

पारंपरिक मुलाखत घ्या. पाहुणा वीस मिनिटं बोलला, दाखवायची आहेत दोन. मग बोलणं मधूनमधून कापावं लागतं. कापलं की चित्रात झटका बसतो, डोकं एकदम इकडचं तिकडे होतं. तो झटका झाकायला तिथे वार्ताहर मान डोलावतोय असा शॉट टाकायचा. याला आमच्याकडे नॉडी म्हणतात. हा शॉट बहुतेक वेळा पाहुणा उठून गेल्यावर घेतलेला असतो! कॅमेरा एकच असतो ना. वार्ताहर रिकाम्या खुर्चीकडे बघून गंभीरपणे मान हलवतो, मग आपलेच प्रश्न पुन्हा एकदा, या वेळी कॅमेऱ्यासमोर विचारतो. त्यावर खोलीतल्या शांततेचा आवाज पसरवायचा. तोही आधी अर्धा मिनिट वेगळा टिपून ठेवलेला असतो. प्रेक्षकाला वाटतं सलग संभाषण चाललंय. हे झालं "आरपार दिसणारं" माध्यम. आरपार दिसावं म्हणून केवढी रंगरंगोटी.

आता यूट्यूबवरचा एकटा बोलणारा माणूस घ्या. तो झटका झाकत नाही, तसाच ठेवतो. जंप कट. त्यामुळे तो प्रामाणिक वाटतो: बघा, मी कापलंय आणि लपवतही नाहीये. इथपर्यंत मीही खूश होतो. पण पुढची पायरी अशी की माझ्याकडे येणाऱ्या संहितांमध्ये अडखळणंसुद्धा लिहिलेलं असतं. "इथे वाक्य विसरतो, हसतो, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघतो." आणि ते तीनदा चित्रित होतं, कारण पहिल्या दोन वेळा विसरणं नैसर्गिक वाटत नाही.

म्हणजे शिवण दाखवणं हीसुद्धा कारागिरीच. पूर्वी आम्ही झाकायचे पैसे घ्यायचो, आता दाखवायचे घेतो.

अरसिक

कातरी, नॉडीचं माहीत नव्हतं. आता कुठलीही मुलाखत सरळ डोळ्यांनी बघता येणार नाही. धन्यवाद म्हणू की काय म्हणू?

परीक्षार्थी

नमस्कार, मी नवीन सभासद. जनसंवादाच्या पेपरला "पारंपरिक आणि उत्तराधुनिक माध्यमांतील फरक स्पष्ट करा" असा प्रश्न हमखास येतो. कुणी मुद्देसूद तक्ता करून देईल का? डावीकडे पारंपरिक, उजवीकडे उत्तराधुनिक. दहा मुद्दे पुरेत.

तिरकस

परीक्षार्थी, स्वागत. तक्ता मिळेल, पण उत्तराधुनिक तक्ता असल्यामुळे मधली रेघ मिळणार नाही.

चौकटीबाहेर

अरे, त्याला घाबरवू नकोस.

परीक्षार्थी, तक्त्याची अडचण एवढीच की एकच कार्यक्रम दोन्ही रकान्यांत बसतो. एकोंचंच निरीक्षण घे: टीव्हीवर जो कॅमेऱ्यात बघून बोलतो तो स्वतः म्हणून बोलतो, आणि जो कॅमेऱ्यात बघत नाही तो कुणाची तरी भूमिका करत असतो. निवेदक आपल्याकडे बघतो, नट बघत नाही. हा अलिखित करार प्रेक्षकाला तोंडपाठ असतो. आता एखादा नट निवेदकाचं सोंग घेऊन थेट कॅमेऱ्यात बघायला लागला तर तो कुठल्या रकान्यात टाकशील? खरा प्रश्न असतो त्या कराराशी कोण काय खेळ करतंय हा. उत्तरात एक उदाहरण घेऊन ते नीट उलगडलंस तर मुद्द्यांच्या यादीपेक्षा बरं दिसेल.

मृण्मयी, "कशासाठी" हा मुद्दा मान्य. धाग्याच्या शीर्षकात घालायला हवा होता.

गप्पिष्ट

कराराशी खेळ म्हटल्यावर ३० ऑक्टोबर १९३८ आठवणारच. ऑर्सन वेल्स यांचं मंगळवासीयांच्या हल्ल्याचं रेडिओ नाटक. कथा १८९८ च्या कादंबरीतली, म्हणजे शिळीच. नवीन होता तो साचा. नृत्यसंगीताचा कार्यक्रम चालू आहे आणि मध्येच "आम्ही कार्यक्रम थांबवून एक बातमी देत आहोत". पुन्हा संगीत, पुन्हा बातमी. घटनास्थळी असलेल्या वार्ताहराची भूमिका करणाऱ्या नटाने तयारी म्हणून आदल्या वर्षीच्या हिंडेनबर्ग या हवाई जहाजाच्या (वायूने भरलेल्या प्रचंड फुग्याच्या) अपघाताचं खरं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं. खऱ्या वार्ताहराचा आवाज कुठे फाटला, कुठे श्वास अडकला, ते त्याने उचललं. बातमीचा मजकूर कुणी पडताळत नाही, बातमीचा सूर ओळखतो, हे त्या मंडळींना बरोबर कळलं होतं.

आणि दुसरा अंक त्याहून मजेदार आहे. "देशभर घबराट, लोक रस्त्यावर" हे जे आपण ऐकत आलोय ते पुष्कळसं वर्तमानपत्रांनी फुगवलेलं. रेडिओ तेव्हा जाहिरातींत त्यांच्या तोंडचा घास पळवत होता, तेव्हा "बघा हे बेजबाबदार माध्यम" असं म्हणायची संधी कोण सोडेल? म्हणजे खोटी बातमी कुणाची, हे ठरवायला गेलं तर ज्याने आरंभीच "हे नाटक आहे" असं सांगितलं होतं तो रेडिओच जास्त सोवळा निघतो.

डेस्कवाला

माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं, तेव्हा आमच्या बाजूनेही थोडं.

गप्पिष्टांनी वर्तमानपत्रांना दिलेला चिमटा रास्त आहे. पण पारंपरिक माध्यम म्हणजे नुसती शिवण लपवणारी लबाडी, असा सूर लागलाय तो बरोबर नाही. आमचे पुष्कळ नियम जागेच्या आणि वेळेच्या अडचणीतून आले. बातमी उलट्या पिरॅमिडसारखी लिहायची, सगळ्यात महत्त्वाचं इंट्रोत, म्हणजे पहिल्या परिच्छेदात, मग उतरत्या क्रमाने बाकीचं. का? तर रात्री अकराला जाहिरात आली आणि पानावर जागा कमी पडली, तर पान लावणारा माणूस बातमी न वाचता खालून छाटतो. खालचे दोन परिच्छेद गेले तरी बातमी जिवंत राहिली पाहिजे. या कापाकापीतून तयार झालेल्या शैलीला पुढे लोक "वस्तुनिष्ठ शैली" म्हणू लागले. तिचा जन्म तत्त्वज्ञानातून कमी आणि कात्रीतून जास्त झालाय.

आता माझा मुद्दा. आम्ही "असं आहे" म्हणायचो, त्यामुळे ते "असं नाही" हे सिद्ध करता यायचं. आडनाव चुकलं, आकडा चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागे. ती आतल्या पानावर, बारीक टायपात जायची हे कबूल, पण जायची. संपादकाचं नाव शेवटच्या पानाच्या तळाशी असायचं. नोटीस आली तर त्या नावाने यायची. उपसंपादक शिव्या खायचा तो वेगळाच.

मीमची दुरुस्ती कुणी छापलेली पाहिली आहे का? छापणार कशी? मीमने काही म्हटलेलंच नसतं, ते "नुसतं गमतीत" असतं. दावा नाही, म्हणून चूक नाही, म्हणून जबाबदारीही नाही. मला शिवण दिसते की नाही यापेक्षा, ती उसवली तर कुणाकडे जायचं, हा फरक मोठा वाटतो.

मृण्मयी_के

डेस्कवालेकाका, प्रतिसाद आवडला. तुमच्या "गमतीत" वरून २००४ चा एक प्रसंग आठवला. जॉन स्टुअर्ट बातम्यांची टिंगल करणारा कार्यक्रम करायचे. ते सीएनएनवरच्या एका वादविवादाच्या कार्यक्रमात गेले आणि तिथल्या दोन्ही सूत्रधारांना समोरासमोर सुनावलं की तुम्ही वाद घालत नाही, वादाचं नाटक करता, आणि त्याने देशाचं नुकसान होतं. त्यावर एका सूत्रधाराने विचारलं की तुम्ही तरी नेत्यांना कुठे अवघड प्रश्न विचारता? स्टुअर्ट यांचं उत्तर: तुम्ही सीएनएनवर आहात, माझ्या आधीच्या कार्यक्रमात बाहुल्या फोन करून लोकांची थट्टा करतात.

टाळ्या पडल्या. पुढच्या जानेवारीत सीएनएनने तो वादविवादाचा कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण नीट बघितलं तर तेही "मी तर गंमत करतो" चीच पळवाट घेत होते, आणि त्याच वेळी पुष्कळ तरुण प्रेक्षक त्यांच्याकडे बातमी म्हणूनच बघत होते. दोन्ही दगडांवर पाय ठेवायची मुभा पारंपरिक निवेदकाला नव्हती.

तिरकस

माझा प्रांत आला. दोन नमुने.

एक. २०१२ मध्ये 'द अनियन' या अमेरिकी व्यंगपत्राने उत्तर कोरियाचे किम जोंग उन यांना त्या वर्षीचा जगातला सगळ्यात मादक पुरुष ठरवलं. चीनच्या 'पीपल्स डेली'च्या संकेतस्थळाने ही बातमी अगदी गंभीरपणे घेतली आणि सोबत ५५ छायाचित्रांची मालिका लावली. ५५! पारंपरिक माध्यमाचं मन किती सरळ असतं बघा.

दोन, आणि हा मला जास्त भेडसावतो. स्टीफन कोल्बेर टीव्हीवर एका कडव्या उजव्या निवेदकाचं सोंग करायचे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की उदारमतवादी आणि परंपरावादी दोघांनाही ते सारखेच विनोदी वाटत. फक्त परंपरावादी प्रेक्षकांचा कल असं मानण्याकडे होता की हा माणूस थट्टेचं नुसतं ढोंग करतोय, बोलतोय ते मनापासून. म्हणजे ज्यांची खिल्ली उडवायची तेच शेजारी बसून हसतायत, आणि त्यांना वाटतंय खिल्ली समोरच्याची उडतेय.

उपरोध कळण्यासाठी बोलणारा खरा कुठे उभा आहे हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असावं लागतं. ते माहीत नसेल तर ऐकणारा आपल्या सोयीने ठरवतो. डेस्कवालेकाकांचं तळाशी छापलेलं नाव इथे कामाला आलं असतं.

संशयात्मा

तेच तर म्हणतोय मी! या उत्तराधुनिकांनीच हे करून ठेवलंय. "सत्य असं काही नसतं, सगळ्या संहिता." फ्रेंच विचारवंत बोद्रियार यांनी १९९१ मध्ये आखाती युद्ध झालंच नाही असं लिहिलं. ज्यांची घरं पडली त्यांना सांगा म्हणावं. आणि १९९६ मध्ये ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने मुद्दाम बरळ लिहून ती यांच्याच एका नियतकालिकात छापून आणली, कुणाला वास आला नाही. अशा लोकांकडून माध्यमं समजून घ्यायची? आज जो तो "तुमचं सत्य वेगळं, माझं वेगळं" म्हणत सुटलाय, त्याचं बी इथलंच.

दिवाभीत

एरवी मी नुसता वाचत असतो, पण इथे राहवलं नाही.

बोद्रियार यांनी तीन लेख लिहिले: युद्धाच्या आधी, युद्ध चालू असताना आणि संपल्यावर. बॉम्ब पडले नाहीत, माणसं मेली नाहीत, असं त्यात कुठेही नाही. म्हणणं असं आहे की दोन बाजू लढतात ते युद्ध. इथे एका बाजूने आधीच ठरवलेला कार्यक्रम पार पाडला, आणि जगाने तो पडद्यावर पाहिला. बगदादच्या हॉटेलमधून चोवीस तास थेट प्रक्षेपण, क्षेपणास्त्राच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून दिसणारं लक्ष्य, स्फोट होताच काळा होणारा पडदा. त्या चित्रात माणूस कधी आलाच नाही. शीर्षक भडक आहे, त्यामुळे लेख न वाचता लोक शीर्षकाशीच भांडतात. (हेही एक माध्यमशास्त्रच म्हणा.)

सोकल यांनी जे उघडं पाडलं ते मान्य. संपादकांनी जाणकाराला विचारायला हवं होतं.

पण सार्वत्रिक संशयाचं खापर तत्त्वज्ञांवर फोडण्याआधी एक कागद बघा. एका अमेरिकी तंबाखू कंपनीच्या १९६९ सालच्या अंतर्गत टिपणात सरळ लिहिलंय की शंका हाच आपला माल आहे. ल्योतार यांच्या दहा वर्षं आधी. सिगारेटने कर्करोग होतो हे कळून चुकलेल्या लोकांना "अजून वाद चालू आहे" असं दाखवायचं होतं. त्यासाठी त्यांनी कुठलं माध्यम वापरलं? पारंपरिक. दोन्ही बाजू मांडल्याच पाहिजेत, या पत्रकारांच्या सभ्य नियमाचा फायदा घेतला. एक शास्त्रज्ञ इकडचा, एक तिकडचा, दोघांना सारखी मिनिटं. म्हणजे शंकेचं बी पेरायला डेस्कवाल्यांची वस्तुनिष्ठताच कामी आली. काका, राग नसावा.

तरी संशयात्म्याचा मुद्दा पूर्ण उडवत नाही मी. विज्ञानाचा समाजशास्त्रीय अभ्यास करणारे फ्रेंच विचारवंत ब्रुनो लातूर यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच गोटाला हा प्रश्न विचारला होता: वैज्ञानिक तथ्यं कशी "घडवली" जातात हे आपण दाखवत आलो, आता हवामानबदल नाकारणारे तीच हत्यारं चालवतायत, मग आपण काय करतोय? तिथे पळवाट नव्हती, घरातलीच झडती होती.

डेस्कवाला

राग कसला. "दोन्ही बाजू घेतल्या का?" हे वाक्य मी स्वतः शेकडो कनिष्ठांना ऐकवलंय. तिसरी बाजू कुणी पैसे देऊन उभी केली आहे का, हे विचारायची पद्धत नव्हती.

कातरी

सगळे विचारवंतांवर बोलताय, पण मला वाटतं निम्मं काम रिमोटने केलं. बिनतारी रिमोट १९५५ मध्येच आला होता, पण शेकड्याने वाहिन्या आल्यावर त्याचं हत्यार झालं. प्रेक्षक दर काही सेकंदांनी उडी मारतो. युद्ध, साबण, गाणं, सामना, पुन्हा युद्ध. ही सरमिसळ कुठल्या कलावंताने केलेली नाही, सोफ्यावर बसून अंगठ्याने झालेली आहे. मग आम्हालाही तसंच कापावं लागलं, की त्याने मध्येच पाहिलं तरी दोन सेकंदांत काय चाललंय ते कळावं.

दुसरं कारण पैसा. १९८८ मध्ये अमेरिकेत पटकथाकारांचा पाच महिने संप झाला. संहिताच येईनात. त्याच सुमाराला पोलिसांच्या मागे कॅमेरा घेऊन पळणाऱ्या कार्यक्रमांना वाहिन्यांनी जागा दिली, कारण त्यांना लेखकच लागत नव्हते. "वास्तव आणि कल्पित यांच्यातली रेषा पुसट झाली" वगैरे निबंध नंतर आले. आधी हिशेबनीस आला होता.

चौकटीबाहेर

कातरी, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे. ब्रिटिश समीक्षक रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये याच्याच जवळपासचं लिहिलंय. इंग्लंडहून बोटीने अमेरिकेत आल्यावर ते मायामीत एका रात्री टीव्हीवर सिनेमा बघत बसले. मध्ये जाहिराती, त्यात पुढे लागणाऱ्या दुसऱ्या दोन सिनेमांच्या झलका, आणि कुठलं दृश्य कशातलं हेच कळेना. त्यावरून त्यांनी मांडलं की टीव्हीचं एकक कार्यक्रम नसून प्रवाह आहे. आजची फीड म्हणजे तोच प्रवाह, फक्त आता तो प्रत्येकाचा वेगळा.

आणि हा "प्रत्येकाचा वेगळा" मला उपरोधापेक्षाही मोठा फरक वाटायला लागलाय. क्रॉंकाइट चुकीचं सांगत असतील, पण सगळ्यांना एकच चुकीचं सांगत होते. भांडायला समोर एक वस्तू होती.

मृण्मयी_के

तेही तपासून घ्या. वर्तमानपत्र तरी सगळ्यांना एकच कुठे मिळायचं? काका, तुमच्याकडे आवृत्त्या असायच्या ना?

डेस्कवाला

असायच्या तर. लांबच्या गावांसाठी डाक आवृत्ती संध्याकाळीच छापून निघायची, शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतर. रात्री दहाला काही घडलं तर डाकच्या वाचकाला ते परवा कळायचं. कधी पहिल्या पानाचं हेडिंगही दोन आवृत्त्यांत उलटसुलट व्हायचं. निकालाच्या रात्री तर हमखास.

पण दोन्ही प्रती कचेरीच्या फायलीत लागायच्या. आवृत्ती, तारीख, पान. पाच वर्षांनी कुणी येऊन म्हणालं की तुम्ही अमुक छापलं होतं, तर फाइल काढून दोन्ही शेजारी ठेवता यायच्या आणि रात्री किती वाजता कुणी काय बदललं हेही ड्यूटी-चार्टवरून सांगता यायचं. फीडची फाइल कुणाकडे असते? काल तुम्हाला जे दिसलं ते आज तुम्हालाच पुन्हा काढून दाखवता येईल का?

परीक्षार्थी

स्क्रीनशॉट?

डेस्कवाला

तुला दिसलं त्याचा निघेल. मला काय दिसलं नाही, याचा कसा काढशील?